मोहिमेचा आरंभ चावडीवर व्हावा

१/ टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची स्वतःची मोहीम रचू पाहणारा इतिहासप्रेमी बहुधा नकाशापासून आरंभ करतो. राज्ये, राजवंश, शंभर वर्षांच्या लढाया यांनी वही भरते आणि खेळ दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच थंडावतो. खेळाडूंनी ठरवावे असे काही उरलेलेच नसते. या खेळाच्या जन्मकथेत त्यावरचा उपाय आहे. #धागा

२/ कथा प्रशियात सुरू होते. १८२४ साली फॉन राइसवित्झ या तरुण सैनिकी अधिकाऱ्याने आपल्या वडिलांचा युद्धखेळ, 'क्रीगश्पील', सुधारून प्रसिद्ध केला. दोन सेनानींच्या मध्ये एक पंच बसे. प्रत्यक्ष रणांगणावर सेनानीला जेवढे कळले असते, तेवढेच पंच त्याला सांगे. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे हाच त्या खेळाचा गाभा होता.

३/ १८८० साली अमेरिकन अधिकारी चार्ल्स टॉटन यांचा 'स्ट्रॅटेगोस' हा युद्धखेळाचा ग्रंथ आला. सुमारे नऊ दशकांनी तो मिनेसोटातील डेव्हिड वेसली या खेळवेड्या तरुणाच्या हाती पडला. खेळाडूने काहीही करू पाहावे आणि फलिताचा निवाडा पंचाने करावा, ही कल्पना त्याने त्यातून उचलली.

४/ १९६९च्या सुमारास वेसलीने 'ब्राउनश्टाइन' हा खेळ मांडला. काळ नेपोलियनचा, नगर काल्पनिक, सैन्ये वेशीकडे येणारी. काही खेळाडूंना मात्र सैन्याऐवजी माणसे दिली गेली: कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचा हेतू निराळा. खेळाडू परस्पर खलबते करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले, ज्याचे नियम वेसलीकडे नव्हते. त्याला वाटले, खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला.

५/ त्या मंडळींतील डेव्ह आर्नसनने १९७१ मध्ये 'ब्लॅकमूर' उभे केले: एक वस्ती, एक किल्ला, किल्ल्याखाली भुयारे. तीच पात्रे पुढच्या बैठकीत अनुभव घेऊन परतत. यालाच आज मोहीम म्हणतात. १९७२च्या अखेरीस त्याने हा खेळ गॅरी गायगॅक्सला दाखवला आणि १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या हजार पेट्या निघाल्या. साम्राज्याचा इतिहास आधी लिहून यांतले काहीच घडले नव्हते.

६/ मराठी इतिहासप्रेमींनी येथे थांबून विचार करावा. मराठेशाहीवर मोहीम रचायची म्हटले की राज्याभिषेक किंवा पानिपतच आठवते. तेथे मोठे निर्णय होऊन गेलेले असतात आणि थोर व्यक्तींच्या तोंडी काय घालावे, या संकोचात खेळ अडकतो. त्यापेक्षा चावडीवर जावे. दप्तरांत 'ब्राउनश्टाइन' जागोजागी पडून आहेत.

७/ उदाहरणार्थ, १६३०चा दख्खनचा भीषण दुष्काळ घ्यावा. गाव ओस पडले आहे. काही वर्षांनी कौल घेऊन माणसे परततात, तर पाटलाच्या जागी दुसराच बसलेला. दोघेही वतन आपलेच म्हणतात. कुलकर्ण्याचे कागद अर्धे जळालेले आहेत. शेटे-महाजनांना पेठ लवकर वसायला हवी आहे. गोतसभा बसणार आहे.

८/ अशा सभेचा निवाडा महजरात लिहिला जाई. त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. कागद आणि साक्षी अपुऱ्या पडल्या, तर प्रसंगी दिव्य करावे लागे: कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात पोळला की नाही यावर सत्य ठरायचे. फाशांच्या खेळाला याहून ताण देणारा प्रसंग कोणता?

९/ पूर्वतयारीला एक पान पुरे. पाच माणसे, प्रत्येकाची एक गरज, एक गुपित आणि सभेचा ठरलेला दिवस. बाहेरच्या जगाची बातमी जासुदाच्या पायांनीच यावी. सूत्रधाराने राइसवित्झच्या पंचासारखे वागावे: पात्राला जे कळू शकत नाही, ते खेळाडूलाही सांगू नये.

१०/ आक्षेप येईल की हा इतिहासाशी खेळ आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणून गाव काल्पनिक असल्याचे आरंभीच जाहीर करावे आणि मर्यादा मात्र खऱ्या ठेवाव्यात. त्या गावात चहा नसावा, बटाटा नसावा, आजची राष्ट्रभाषणेही नसावीत.

११/ सर्वांत कठीण मर्यादा जातीची. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे आणि त्याच महाराचे घर गावकुसाबाहेर असे. हे वगळले तर खेळ खोटा होतो. गमतीसाठी वापरले तर क्रूर होतो. ते कसे हाताळायचे, हे खेळण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे. ज्याला ती भूमिका नको, त्याच्यावर ती लादू नये.

१२/ पाठ केलेल्या इतिहासात शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून तेथील माणसे मूर्ख किंवा द्रष्टी भासतात. चावडीवर बसलेल्या खेळाडूला शेवट ठाऊक नसतो. त्या काळच्या माणसालाही तो ठाऊक नव्हता. एवढे एका संध्याकाळी उमगले, तरी मोहीम फत्ते झाली असे समजावे.

(समाप्त) #इतिहास #मराठी