शुन्झीवरील जुना खटला

मेन्शियस माणसाला जात्या चांगला मानत होता आणि शुन्झी जात्या वाईट. चिनी तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून देणारी पुस्तके बहुधा एवढ्यावरच शुन्झीची बोळवण करतात. आमच्या मते हा संक्षेप नव्हे, अन्याय आहे.

शुन्झी इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. जन्म चाओ राज्यातला. ची राज्यातील जिश्या येथील विद्वत्सभेचे प्रमुखपद त्याने तीनदा भूषविले. पुढे छू राज्यातील लानलिंगचा तो प्रशासक झाला. इ.स.पू. २३८ मध्ये त्याच्या आश्रयदात्याची हत्या झाली आणि ते पदही गेले. इ.स.पू. २६० मध्ये छांगपिंगच्या लढाईत छिनच्या सैन्याने त्याच्या जन्मभूमीचे चार लाखांहून अधिक सैनिक मारले, असे इतिहासकार सिमा छियेन सांगतो. आकडा फुगवलेला असेलही. पण अशा काळात वावरणाऱ्या विचारवंताला मनुष्यस्वभावाचे गोडवे गाता आले नाहीत, यात नवल ते काय?

आता त्याचे म्हणणे पाहू. न शिकता जे येते तो स्वभाव: भूक, थंडीची बोच, लाभाची हाव, मत्सर. या वासना त्याने पाप ठरवल्या नाहीत. वासना अमर्याद आणि वस्तू मर्यादित असल्याने, आवर नसेल तर कलह अटळ आहे, एवढेच तो म्हणतो. चांगुलपण हे प्रयत्नाने घडवावे लागते. मडके मातीचे असले तरी ते घडते कुंभाराच्या हातांनी. या घडवण्यासाठी त्याने योजलेल्या 'वेइ' या शब्दाचा दुसरा अर्थ 'खोटे' असाही होतो. शुन्झीच्या अपकीर्तीत या द्व्यर्थाचा वाटा लहान नसावा.

याच विचारवंताने रस्त्यावरचा कोणीही माणूस यू राजासारखा थोर होऊ शकतो, असेही प्रतिपादले. राजघराण्यातला वंशज रीतिनीती पाळत नसेल तर त्याला सामान्यांत ढकलावे आणि सामान्याचा मुलगा विद्येने व आचरणाने योग्य ठरला तर त्याला मंत्री करावे, हेही त्याचेच मत. थोर राजा याओ आणि जुलमी राजा चिए यांचा मूळ स्वभाव एकच, फरक कमावलेला. यात निराशा कुठे आहे? सद्गुण उपजत असतात असे एकदा मानले, की काहींचे दुर्गुणही उपजत ठरवायला फारसा वेळ लागत नाही. मराठीतल्या 'जात्या' या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, ते आम्ही वेगळे सांगायला हवे काय?

दुसरा आरोप शिष्यांवरून होतो. हान फेइ आणि ली सी हे दोघे त्याचे शिष्य. त्यातल्या ली सीने छिन सम्राटाचा प्रधान म्हणून इ.स.पू. २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याचा सल्ला दिला. मात्र शुन्झीच्याच ग्रंथात, छिनचे विजय न्यायनीतीने नव्हे तर सोयीने मिळाले असे म्हणणाऱ्या ली सीला गुरूने फटकारल्याचा प्रसंग आहे. छिनच्या शिस्तीची त्याने स्तुती केली खरी, पण तिथे विद्वान नाहीत ही उणीवही त्याने दाखवून दिली. शिष्यांनी दंडावर भिस्त ठेवली. गुरूची भिस्त अध्ययनावर होती.

शुन्झीला निष्कलंक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. विरोधी मतांविषयी तो असहिष्णू होता आणि राज्यकर्त्याने ती आवरावीत असे त्याला वाटे. सारेच वाईट, तर पहिला सज्जन कोठून आला, या प्रश्नाला दीर्घ चिंतन आणि सराव हे त्याचे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. परंतु अपुरे उत्तर देणे हा गुन्हा नव्हे.

शिक्षा मात्र गुन्हेगाराचीच झाली. कन्फ्यूशियसच्या मंदिरात १०८४ साली मिळालेले स्थान १५३० साली काढून घेण्यात आले. मेन्शियसचा ग्रंथ सरकारी परीक्षांचा पाठ्यग्रंथ झाला आणि १९०५ साली त्या परीक्षा बंद होईपर्यंत टिकला. पुढे १९७४ च्या कन्फ्यूशियसविरोधी मोहिमेत शुन्झीचा गौरव झाला, तोही त्याला कन्फ्यूशियसच्या परंपरेतून उचलून दंडवाद्यांच्या पंक्तीत बसवून! निंदक आणि स्तुतिपाठक या दोघांनीही त्याचा ग्रंथ मिटलेलाच ठेवला.

तुम्ही मुळातच चांगले आहात, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? तुम्हांला चांगले व्हावे लागेल आणि होता येईल, हे ऐकवणारा शिक्षक अप्रिय होतो. आम्ही त्या अप्रिय शिक्षकाच्या बाजूने आहोत.