मनगटावरचं घड्याळ मॅटवर कशाला?

"काऊन बे, लग्नाला चालला का? काहाड ते आधी, मंग ये मॅटवर."

नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या कराटे क्लासमध्ये माझ्या नव्याकोऱ्या स्मार्टवॉचचं सरांनी असं स्वागत केलं. दोन हजारांचं घड्याळ, सोयाबीन विकल्यावर बाबांच्या मागे लागून घेतलेलं. राग आलाच. पण पंधरा दिवसांनी दुसऱ्या एकाच्या घड्याळाची कड जोडीदाराच्या भुवईला लागली आणि दोन टाके पडले. ज्युदो-कुस्तीच्या सामन्यात अंगावर कडक वस्तू चालत नाही, ती उगाच नाही.

तर माझं सरळ मत. कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, ज्युदो, कुस्ती यातलं काही करत असाल, तर त्यासाठी मनगटी घड्याळ घेऊ नका. जोडीदाराला लागतं हे एक कारण. दुसरं म्हणजे, ते तिथं नीट चालतच नाही.

घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो त्वचेखालच्या रक्ताच्या लाटा मोजतो. त्यासाठी घड्याळ त्वचेला चिकटून, न हलता राहायला हवं. आपण काय करतो? मूठ आवळतो, मनगट वळवतो, पंच मारतो, वरून घाम. मी पंचिंग पॅडवर जीव काढत होतो आणि आकडा होता ९२! श्वास घेता येत नव्हता आणि घड्याळ म्हणतं, निवांत आहेस.

कॅलरीच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणांची चाचणी प्रसिद्ध केली. सातपैकी सहांचे हृदयाचे ठोके बरेचसे बरोबर निघाले, ५ टक्क्यांच्या आतबाहेर. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेही चालणं, पळणं, सायकल अशा साध्या हालचालींत. त्या आकड्यावर विसंबून रात्रीची भाकर कमी करणारे मित्र मला माहीत आहेत. वजनगटासाठी चाललंय म्हणे!

घ्यायचंच असेल तर छातीचा पट्टा बघा. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत संकेतांवर चालतो, म्हणून हात कितीही फिरवले तरी फारसा गडबडत नाही. बांधण्याआधी आतली बाजू पाण्यानं ओली करायची, एवढंच. छातीवर काचत असेल तर दंडावर बांधायचा बँड येतो. हिरवा दिवाच, पण दंड मनगटाइतका वळत नाही. मुलींना तो जास्त सोयीचा पडतो. दुकानात दोनच गोष्टी विचारा: ब्लूटूथवर कुठल्याही ॲपला जोडता येतो का, आणि फोन बॅगेत लांब राहिला तर नोंद पट्ट्यात साठते का. कुस्ती-ज्युदोवाल्यांनी तोसुद्धा धावताना, दोरीउड्या मारतानाच वापरावा. पकडीत नको.

आपल्याकडच्या तिरंदाजांचं गणित वेगळं. नेम धरताना हात स्थिर असतो, त्यामुळे घड्याळही बऱ्यापैकी आकडा देतं. फक्त धनुष्याच्या हातावर नको, दोरी लागते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तर तिरंदाजांचे ठोके टीव्हीवर दिसत होते, अंगाला काहीही न लावता. कॅमेरा चेहऱ्याच्या रंगातला बारीक बदल टिपत होता.

पैसे नसतील तर? मग मानेवर दोन बोटं आणि फोनचं स्टॉपवॉच. राऊंड संपल्याबरोबर १५ सेकंद ठोके मोजा, चारनं गुणा. मिनिटभरानं परत मोजा. मधला फरक महिन्यागणिक वाढत असेल, तर दम वाढतोय. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मिनिटभर मोजा आणि वहीत लिहा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी हलकाच सराव. आणि जानेवारीचे आकडे मेशी ताडून बघू नका राजेहो, आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात त्याच व्यायामाला हृदय जास्त पळतं.

तरी शंका असेल तर अमरावतीला जाताच आपण. १९१४ पासून चाललेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण शिकणारं कुणी ओळखीचं निघेलच. पट्टा विकत घेण्याआधी त्यांना विचारा. यूट्यूबवरचा रिव्ह्यूवाला पॅडवर पंच मारून दाखवत नाही.

माझं घड्याळ आता बाबांच्या हातात आहे. लाइट रात्रीची असली की ओलिताला जायला दोनचा अलार्म लावतात. तेवढं काम ते चोख करतं.