‘अनुभवी परिचारिका पाहिजेत’

नाशिकमध्ये गंगापूर रस्त्याने किंवा मुंबई नाक्याकडून द्वारकेकडे जाताना एखाद्या रुग्णालयाच्या दारावर ‘अनुभवी परिचारिका पाहिजेत’ अशी पाटी नजरेस पडते. याच शहरात, म्हसरूळला, १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि परिचर्येच्या पदव्या तेथून दिल्या जातात. पदवी देणारे विद्यापीठ आणि नुसती पदवी पुरेशी नाही असे बजावणारी पाटी एकाच शहरात नांदतात. या दोहोंच्या मध्ये सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या शेतकरी घरांतून आलेली, शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर असलेली मुलगी अर्ज हातात घेऊन उभी असते.

ही मुलगी खरोखरच अननुभवी असते काय? परिचर्येचे शिक्षण केवळ पुस्तकातून होत नाही. तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तिने शेकडो तास वॉर्डात उभे राहून काढलेले असतात. नाडी आणि रक्तदाब नोंदविणे, औषधे देणे, जखमा धुणे, प्रसूतिकक्षात मदत करणे, मृतदेहाची शेवटची व्यवस्था पाहणे हे सर्व तिने केलेले असते. वॉर्डात माणसे कमी पडली की हीच विद्यार्थिनी हक्काचे मनुष्यबळ ठरते. वेतनाचा प्रश्न निघाला की मात्र तिने केलेले काम ‘अनुभव’ या सदरात बसत नाही. श्रम घेताना मोजायचे आणि मोबदला देताना विसरायचे, हा हिशेब कामगार चळवळीला नवा नाही.

अनुभवाच्या अटीत काहीच तथ्य नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कालपरवा नोंदणी झालेल्या मुलीवर रात्रपाळीत अतिदक्षता विभाग एकटीने सोपविणे रुग्णाच्याही हिताचे नाही आणि तिच्याही. पण यावरचा उपाय तिला दारातून परत पाठविणे हा नसून ज्येष्ठ परिचारिकेच्या हाताखाली तिला पगारी उमेदवारी देणे हा आहे. ते अशक्य नाही, हे शासनानेच दाखवून दिले आहे. ३ मे २०२१ रोजी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने पदवी व पदविकाधारक परिचारिकांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड सेवेत घेण्याचे ठरविले आणि शंभर दिवस काम करणाऱ्यांना नियमित भरतीत प्राधान्य देण्याचे आश्वासन दिले. त्या वेळी अनुभवाचा दाखला आडवा आला नाही. एका वर्षाने, मे २०२२ मध्ये, महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांना बाह्यस्रोतांद्वारे कंत्राटी भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध संपावर जावे लागले!

नियमित शासकीय भरती रखडली की नवी पदवीधर खासगी रुग्णालयाकडे वळते, आणि तेथे अनुभवाची अट हे वेतन पाडण्याचे हत्यार बनते. ‘तुला अजून काही येत नाही, आधी शीक’ असे म्हणून तुटपुंज्या रकमेवर राबवून घ्यायचे. ती सोडून जाऊ नये म्हणून बंधपत्र लिहून घ्यायचे आणि मूळ प्रमाणपत्रे कपाटात बंद करायची. याच प्रकारांविरुद्ध २०११ साली मुंबई-दिल्लीतील खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी काम बंद केले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशावरून नेमलेल्या समितीने वेतनाच्या स्पष्ट शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे शासकीय परिचारिकेइतके वेतन, आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही दरमहा वीस हजार रुपयांहून कमी नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि शिफारशी शिफारशीच राहिल्या.

यातला सर्वांत क्रूर भाग फारसा बोलला जात नाही. दिल्लीच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या भरतीत पदविकाधारकांकडून किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. नाशिकच्या वीस-तीस खाटांच्या रुग्णालयात जिने दोन वर्षे रात्रपाळ्या केल्या, तिच्या हाती शेवटी जो दाखला पडतो तो तेथे चालतच नाही. म्हणजे अनुभव मिळविण्यासाठी तिने कमी पगार सोसला, आणि तो अनुभवही खोटा नाणे ठरला. नोकरी स्वीकारतानाच हे तिला कोणी सांगत नाही.

दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घालून सेवाभावावर व्याख्याने होतात. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या तिच्या शाळेत शिकाऊ मुलींना राहण्याजेवणाखेरीज वर्षाला दहा पौंड मिळत, हे त्या व्याख्यानांतून सहसा वगळले जाते.

जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या बिटको रुग्णालयात नवपदवीधरांसाठी पूर्ण वेतनाचे, देखरेखीखालील एक वर्ष शासनाने सुरू करावे आणि ते सर्व भरतींत अनुभव म्हणून धरावे, ही आमची मागणी आहे. रिक्त पदे कंत्राटाने नव्हे तर नियमित भरतीने भरली जावीत, हे वेगळे सांगावयास नको. पण मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शहरातील खासगी रुग्णालयांची नोंदणी नाशिक महापालिका करते. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक रुग्णालयाकडून परिचारिकांची संख्या, त्यांचे नोंदणी क्रमांक आणि प्रत्यक्ष दिलेले वेतन यांचा तक्ता मागवावा, असा आग्रह आपले कार्यकर्ते उद्याच धरू शकतात. नोकरीवर रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलीला नेमणूकपत्र मागण्यास, मूळ प्रमाणपत्र हातचे न सोडण्यास आणि दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घेण्यास सांगणे, हे तर आजच करता येईल. वसतिगृहांच्या दारांशी त्यासाठी संध्याकाळी दोन तास उभे राहावे लागेल.