दिवाणखान्यातले पितर

दिवाळीच्या फराळात कारले वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हा विषय मला गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असतानाच भेटला. अमरावतीच्या एका सधन आप्तांचा नवा दिवाणखाना पाहावयास आम्ही तिवशाहून गेलो होतो. कोपऱ्यात कोरीव सागवानी फळी. तीवर घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य, पुढे पणत्या. "मास्तर, मेळघाटचा माल! स्वस्तात मिळाला." सर्वांनी वाहवा केली. मीही केली, याची मला लाज वाटते. कारण ते काय आहे हे मला ठाऊक होते. सोयाबीन सोंगावयास आमच्याकडे आलेल्या एका कोरकू म्हाताऱ्याने ते मला पूर्वीच समजावून दिले होते.

तो मुंडा होता. घरचे माणूस गेले की पुढे सवडीने कोरकू सिडोलीचा विधी करतात आणि मृताच्या नावाने कोरलेले लाकूड झाडाखाली रोवतात. म्हणजे आमच्या आप्तांनी कोणाचा तरी बाप विकत आणला होता!

"तिथे वाळवीच खाणार, आम्ही निदान जपतो," हा ठरलेला बचाव. अहो, गणपती आपण स्वहस्ते बुडवितो. सुंदर मूर्ती वाया जाते म्हणून ती कोणी पळविली, तर त्याला रसिक म्हणाल काय? उघड्यावर रोवलेले लाकूड मातीस मिळणार, हे रोवणाराही जाणतो.

केनियाच्या किनाऱ्यावरचे मिजिकेंदा लोकही मृतांसाठी कोरीव खांब रोवतात. त्यांना 'विगांगो' म्हणतात. चोरांनी ते उपटले, दलालांनी विकले, अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घेतले आणि संग्रहालयांना दान करून पुण्यही जोडले! अखेर डेन्व्हरच्या संग्रहालयाने ३० खांब २०१९ साली केनियास परत पाठविले. अमरावती आणि धारणी यांच्यामध्ये तर समुद्रही आडवा नाही.

कायदा आहे ना, म्हणाल. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा सामान्यतः शंभर वर्षांपुढील वस्तूंचा. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या बापाचा मुंडा त्यात कसा बसावा? कायद्याला वय मोजता येते, नाते नाही.

संग्रहाशी माझे वैर नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे जन्मभर जमविले आणि सरकारच्या स्वाधीन केले. त्या संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव आहे. एका बापाने रोवलेला तो मुंडाच नव्हे काय? तो कोणी उपटून नेलेला आपणांस खपेल?

पुढे धीर करून मी आप्तांकडे पुन्हा गेलो. ते ओशाळले, परत द्यावयासही तयार झाले. "पण मास्तर, द्यायचा कोणाला?" गाव त्यांना ठाऊक नव्हते, नाव तर नव्हतेच. दलालाने ते सांगितले नव्हते. यांनी विचारले नव्हते. फळी अजून कोपऱ्यातच आहे. पणत्या मात्र तिथे लावीत नाहीत.

म्हणून वाचकहो, अशी वस्तू मनात भरली, तर किमतीआधी एकच विचारा: हे कोणाच्या नावाचे? विकणारा गप्प राहिला, तर रिकाम्या हाताने घरी या. दिवाळी उणी होणार नाही.