हिंगणाला साहेबाचे नाव

आमच्या हिंगणघाटच्या नावात ज्या झाडाचे नाव स्पष्ट ऐकू येते, ते काटेरी हिंगण शास्त्राच्या दप्तरी 'बॅलॅनाइटिस रॉक्सबर्घी' म्हणून नोंदलेले आहे. प्लांशाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने 1854 साली ते नाव ठेवले, ते कलकत्त्याच्या कंपनीबागेचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांच्या सन्मानार्थ. शाकुंतलातील तापस जिची फळे दगडावर फोडीत, ती इंगुदी हीच. तेव्हा रॉक्सबर्गचा हिंगणाशी संबंध काय, असे विचारून व्यक्तींवरून ठेवलेली सारीच नावे पुसून टाका, असे म्हणणारा एक पक्ष सांप्रत जगभर निघाला आहे.

आम्हांस हे मान्य नाही. रॉक्सबर्ग कंपनीचा चाकर होता, हे खरे. परंतु त्याने आयुष्य या देशाच्या झाडापानांत घालविले, आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'फ्लोरा इंडिका'वाचून अभ्यासकाचे आजही चालत नाही. माद्रिदच्या परिषदेने 2024 साली वनस्पतींच्या नावांतील 'काफ्रा' हा शब्द बदलून 'आफ्रा' केला, ते योग्यच झाले. तो शब्द शिवी होता. शिवी पुसणे निराळे, श्रमाची नोंद पुसणे निराळे.

आमची तक्रार वेगळीच आहे. रॉक्सबर्गने देशी चित्रकारांकडून अडीच हजारांच्या घरात चित्रे काढून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. उलट 2005 साली बोलिव्हियातील एका माकडाच्या नावाचा लिलाव झाला, आणि एका जुगारगृहाने साडेसहा लाख डॉलर मोजून आपले नाव त्या मुक्या जनावराच्या गळ्यात बांधले! पैसा अरण्यरक्षणास गेला म्हणतात, जाईना का. पुढे पैसेवाल्यांची रांग लागली, तर तिला नको कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्याकडे ठाणे-कल्याण भागातील एका कोळ्यास 2021 साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून 'तुकारामी' हे नाव मिळाले. ओंबळ्यांचा कोळ्याशी काय संबंध, असे कोणी नाक मुरडील. आम्ही मुरडणार नाही. नाव ठेवण्याचा अधिकार वर्णन करणाराचा, आणि त्याला खर्च काय तो लॅटिन षष्ठीच्या एका प्रत्ययाचा. तो प्रत्यय झाडापर्यंत नेणाऱ्या गोंड-कोलाम वाटाड्याच्या वाट्यास इतका क्वचित का येतो, याचे उत्तर आमच्या विद्यापीठांनी द्यावे.