गव्हाचा कठीणपणा पिशवीवर छापा
कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपचं नाव 2020 साली बातम्यांत आलं ते गव्हामुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा 'एमएसीएस 6478' हा वाण पेरल्यावर तिथे हेक्टरी 45 ते 60 क्विंटल उतारा पडला. लोक-1, एचडी 2189 अशा जुन्या वाणांवर तो 25 ते 30 क्विंटल असे. हे यश मोठं आहे. त्यासोबत आणखी एक आकडा छापला गेला: प्रथिनं 14 टक्के. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कणीक पाणी किती धरेल, हे एकट्या या आकड्यावरून कळत नाही, आणि ज्यावरून कळेल तो दाण्याचा कठीणपणा बियाण्याच्या पिशवीवरही नसतो, पिठाच्या पुड्यावरही नसतो.

गव्हाच्या दाण्यात सर्वाधिक वाटा स्टार्चचा. तो सूक्ष्म कणांच्या रूपात असतो. मोठे कण मसुरीच्या डाळीसारखे चपटे, वीस-पंचवीस मायक्रॉनचे, लहान कण दहाच्या आतले. कणाच्या आत अमायलोज आणि अमायलोपेक्टिन या स्टार्चच्या दोन घटकांची थरावर थर अशी रचना असते. अमायलोज घडवणारं विकर त्या कणातच अडकून राहतं; ते नसलेल्या वाणात अमायलोज जवळजवळ नसतंच. पण चपातीच्या दृष्टीने खरी मेख कणाच्या पृष्ठभागावर आहे. 1986 साली इंग्लंडमध्ये ग्रीनवेल आणि स्कोफिल्ड या संशोधकांना धुतलेल्या स्टार्चवर एक छोटं प्रथिन सापडलं. मऊ गव्हात ते भरपूर, कठीण गव्हात थोडं, ड्युरम गव्हात अजिबात नाही. त्याचे मुख्य घटक म्हणजे प्युरोइंडोलिन नावाची दोन प्रथिनं. दोन्ही धड असली की कण भोवतालच्या प्रथिनांपासून सहज सुटतात आणि गिरणीतून अखंड बाहेर पडतात. असं पीठ बिस्किटाला उत्तम. एकात जरी बिघाड असला तरी दाणा कठीण होतो, दळताना कण भंगतात, आणि भंगलेला कण अखंड कणाच्या कितीतरी पट पाणी शोषतो; चपातीच्या कणकेला हेच हवं असतं. सातारा-सांगलीकडच्या खपली गव्हात तर ही प्रथिनं नसतातच, कारण त्यांची जनुकं ज्या गुणसूत्रसंचावर असतात तो संचच खपलीत नाही. तिचा दाणा इतका टणक का, याचं उत्तर इथे आहे.

प्रथिन कणावर सापडलं म्हणून कठीणपणा त्यानेच ठरतो कशावरून, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर तांदळाने दिलं. प्युरोइंडोलिनांची जनुकं भातात घातली तेव्हा दाणा मऊ झाला आणि पिठातला भंगलेला स्टार्चही घटला. हे संशोधन 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरा आक्षेप ग्लूटेनचा. कणकेचा ताण त्याच्यावरच अवलंबून असतो, हे मान्यच आहे. पण एकूण प्रथिनांचा टक्का युरिया, पाण्याच्या पाळ्या आणि हंगामातली उष्णता यांनुसार शेतागणिक हलतो. कठीणपणा मुख्यतः वाणाच्या जनुकांत असतो. जे स्थिर आहे ते छापायचं नाही आणि जे बदलतं तेच मिरवायचं, हा उलटा न्याय झाला. वाण प्रसारित करण्यापूर्वी चपातीची चाचणी होतेच, असंही सांगितलं जातं. होते, पण तिचे निष्कर्ष संशोधकांच्या अहवालांत राहतात; आडतीवर त्यांचा उच्चारही होत नाही.

शेतकऱ्याला वजनाचे पैसे मिळतात, गुणाचे नाहीत, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण गुण मोजून लिहिलेलाच नसेल तर व्यापाऱ्याने भाव कशाचा द्यायचा? राज्याच्या बियाणे महामंडळाने, म्हणजे महाबीजने, पिशवीवर दाण्याचा कठीणपणा आणि पिठाची पाणी धरण्याची क्षमता, एवढ्या दोन नोंदी छापाव्यात. बाजार समितीने त्याच नोंदी लिलावाच्या वेळी पुकाराव्यात. दाण्याचा कठीणपणा मोजणारी यंत्रं मूठभर नमुन्यावर काही मिनिटांत उत्तर देतात, आणि पहिली दोन वर्षं तालुक्याला एक यंत्र पुरेल.