विकतचे प्रॉजेक्ट

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या आठवड्यात हाती आले. त्यांचे थोरले चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. नाताळात घरी आले असता त्यांनी वडिलांकडे पंधरा हजार रुपये मागितले. शहरात म्हणे एक दुकान आहे. तेथे प्रॉजेक्ट तयार मिळते, अहवाल छापून व बांधून मिळतो, आणि परीक्षकाने काय विचारले म्हणजे काय उत्तर द्यावे, हेही तेथेच पढविले जाते. "वर्गातले बहुतेक सगळे असेच करतात," असे मुलाचे म्हणणे. घरात एक दुभती म्हैस आहे. ती विकावी काय, असे भगिनींनी विचारले आहे.

म्हैस विकू नये, हे उत्तर एका ओळीचे झाले. पण ते का, हे सांगावयास थोडी जागा लागेल.

शाळेत व कॉलेजात मूल जी उदाहरणे सोडविते, त्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात. उत्तर जुळले नाही तर चूक आपली, हे ठरलेलेच. शेवटच्या वर्षाचे प्रॉजेक्ट हे याच्या अगदी उलट आहे. तेथे असा एखादा प्रश्न घ्यावयाचा की ज्याचे पुरते उत्तर पुस्तकात नाही, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्या खिशातही नाही. मुलाने करून पाहावे, फसावे, का फसले ते शोधावे, आणि प्राध्यापकांनी शेजारी उभे राहून योग्य वेळी योग्य शंका काढावी, असा हा व्यवहार आहे.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचे. २०२२ मध्ये त्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. तेथील पदवीच्या विद्यार्थ्यांनी २००८ साली एक लहानसा कृत्रिम उपग्रह करावयास घेतला आणि त्याचे नाव 'स्वयम्' ठेवले. दहा सेंटिमीटरच्या चौकोनी डब्याएवढा त्याचा आकार आणि वजन किलोच्या आतबाहेर. हौशी बिनतारीवाल्यांचे निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचविणे, हे त्याचे काम.

आता अडचण पाहा. आकाशात सोडलेली वस्तू गरगरत राहते. निरोप घ्यावयाचे तर तिचे तोंड ठराविक दिशेस राहावयास हवे. मोठ्या उपग्रहांत यासाठी यंत्रे असतात, पण ती वीज खातात, आणि या डब्यात वीज ती किती असणार? मुलांनी होकायंत्राच्या सुईचा मार्ग धरला. आत चुंबक बसविला की पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ओढीने उपग्रह आपोआप वळतो. मात्र वळला तरी तो थांबत नाही, पाळण्यासारखा झुलत राहतो. घरातला पाळणा हवेमुळे आणि दोरीच्या घर्षणामुळे हळूहळू थांबतो. पाचशे किलोमीटर उंचीवर हवा जवळजवळ नाहीच. तेव्हा चुंबकाबरोबर एका विशेष धातूच्या बारीक कांड्या ठेवावयाच्या. प्रत्येक झोक्यागणिक त्या कांड्यांतील चुंबकत्व उलटसुलट होते, त्यात झोक्याची थोडी शक्ती उष्णता होऊन खर्ची पडते, आणि झोका मंदावत जातो. विजेचा एक कणही लागत नाही. ही युक्ती मुलांनी शोधून काढलेली नव्हे, जगात ती ठाऊक होती. परंतु कांड्या किती, केवढ्या, कोठे ठेवाव्यात, हे त्यांच्या डब्यापुरते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या अग्निबाणाने एकूण वीस उपग्रह वर नेले, त्यांत 'स्वयम्' होता. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि हे काम आठ वर्षांचे. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते केव्हाच नोकरीचाकरीला लागलेले. मधल्या मुलांनी वरच्यांकडून शिकावे व खालच्यांना शिकवावे, असा क्रम. मला तर उड्डाणापेक्षाही हीच गोष्ट अधिक नवलाची वाटते. आपल्या नावाचा गाजावाजा होण्याआधी कॉलेज सोडावे लागणार, हे ठाऊक असून त्या मुलांनी रात्री जागविल्या. दुकानात असली वस्तू मिळत नाही.

प्राध्यापकाच्या बरोबरीने विद्यार्थ्याने संशोधन करावे, ही कल्पना तशी फार जुनी नाही. तत्काळ छायाचित्र देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत व्याख्यान देऊन, मुलाला पहिल्या वर्षापासूनच स्वतःचा प्रश्न व जाणता सोबती द्यावा, असा आग्रह धरला. पुढे १९६९ साली त्याच संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण अध्यापिकेने तशी योजना सुरू केली, आणि ती आजही चालू आहे.

असो. आपल्या भगिनींच्या चिरंजीवांकडे वळू. त्यांना एकट्यालाच दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. एकेका प्राध्यापकाच्या गळ्यात मुलांचे कितीतरी गट बांधले, म्हणजे मार्गदर्शन सहीपुरते उरते, आणि दुकान तेथेच उघडते. पण मुलाने स्वतःहून प्राध्यापकांच्या खोलीचे दार वाजविले, तर ते न उघडणारे शिक्षक मी तरी थोडेच पाहिले आहेत.

पैशाविषयी एक माहिती. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद १९७७ पासून राज्यातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या निवडक प्रॉजेक्टांना अर्थसाहाय्य देत आली आहे. प्रस्ताव मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत व कॉलेजाकडून जावा लागतो. यंदाची मुदत टळली की नाही, हे मुलाने कॉलेजात विचारावे. टळली असली तरी हरकत नाही; प्रश्न लहान घ्यावा. आपल्याच गोठ्यातील शेणाच्या गॅसवर थंडीत चूल का मंद जळते, विहिरीचा पंप दिवसा किती वीज फुकट घालवितो, असे मोजावयास पंधरा हजार लागत नाहीत. आकडे वाईट आले तर तसेच लिहावेत. परीक्षक गुण कमी देतील, अशी भीती मुलाला वाटेल, क्वचित देतीलही. यजमानांनी तेवढे पोटात घालावे.

भगिनींनी मला उलट पत्र लिहू नये, मुलाने लिहावे. प्रश्न कोणता घेतला, एवढेच त्यात असले तरी पुरे.